व्हॅक्यूमचा अर्धा तास

नागपुरात होळी झाली की कूलर गच्चीवरून खाली येतात आणि आमचा सीझन सुरू होतो. मार्चअखेरीस वाजायला लागलेला फोन मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. कुणाचा टुल्लू पंप बसलेला असतो, कुणाच्या ताट्या कुजलेल्या असतात, कुणाच्या एसीतून वारा येतो पण गारवा येत नाही. कुणाला नवा एसी आजच्या आज लावून हवा असतो, कारण घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असतं आणि बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला असतो. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून बाहेर पडलो, तेव्हापासून याच कामात आहे. खिडकीत बसणाऱ्या जड डब्यांपासून आजच्या इन्व्हर्टर स्प्लिटपर्यंत सगळी यंत्रं हाताखालून गेली. इतक्या वर्षांत यंत्रं फार सुधारली. त्यांची बसवणूक आणि ती ज्या घरात बसतात ती घरं मात्र त्या मानाने सुधारली नाहीत. लोक जास्त पैसे मोजून वीज वाचवणारं यंत्र आणतात आणि वाचलेली वीज घरातच दुसऱ्या वाटेने वाया जाते. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

माझं खरं शिक्षण कूलरवर झालं. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये उस्तादांनी पहिला उन्हाळाभर मला एसीला हात लावू दिला नाही. पत्र्याच्या डब्यांना रंग, पंख्याचं बुश, पंपाची जाळी, ताट्यांचं गवत, एवढंच काम. ते म्हणायचे, "कूलर समजला की गारवा कुठून येते ते समजते." ते खरं होतं. कूलरमध्ये गारवा तयार करणारं काहीच नसतं. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून घेतली जाते. एक लिटर पाणी असं उडून जाताना जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषतं. मोठा डेझर्ट कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो, म्हणजे तासाला साडेसहा युनिटांच्या आसपास उष्णता. त्यासाठी पंखा आणि पंप मिळून वीज लागते दोनशे-अडीचशे वॅट. शोषलेल्या उष्णतेतला मोठा वाटा बाहेरून घेतलेली तापलेली हवाच निववण्यात जातो हे खरं, तरीही एवढ्या कमी विजेत एवढा गारवा देणारं दुसरं यंत्र घरगुती बाजारात मी पाहिलेलं नाही.

हे विदर्भात जमतं ते आमच्या कोरड्या हवेमुळे. बाहेर ४३ अंश आणि हवेत १५ टक्के दमटपणा असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २२ अंशांच्या जवळ उतरतो. चांगल्या ताटीचा कूलर त्याच्या वर चार-पाच अंशांवर येऊन थांबतो, म्हणजे २६-२७ अंशांची हवा खोलीत येते. जुलैत हेच गणित पार उलटतं. बाहेर ३२ अंश आणि दमटपणा ८० टक्के असला की ओला तापमापकच २९ दाखवतो आणि कूलर फक्त घाम वाढवतो. मुंबई-कोकणातल्या पाहुण्यांना आमचा कूलर नवलाचा वाटतो आणि तिकडे नेऊन लावला तर निरुपयोगी ठरतो, त्याचं कारण हेच.

कूलर लावून देताना मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो: समोरची खिडकी उघडी ठेवा. लोकांना ते पटत नाही. गारवा निघून जाईल म्हणून सगळं घट्ट बंद करतात. मग आत आलेली ओली हवा आतच कोंडते, तासाभरात खोली दमट होते आणि दोष कूलरला लागतो. कूलरने आत लोटलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. खिडकी बोटभर उघडण्याऐवजी कूलरच्या तोंडाइतकी तरी उघडली की तोच कूलर तीच वीज घेऊन दुप्पट काम करतोय असं वाटायला लागतं. दुसरी गोष्ट अर्थिंगची. लोखंडी डबा, पाणी आणि जुनी वायर एकत्र आली की काय होतं, ते दर उन्हाळ्यात आम्ही पेपरात वाचतो. टाकी भरताना शॉक लागून माणसं जातात, बहुतेकदा लहान मुलं आणि घरातल्या बायका. म्हणून ज्या घरात अर्थिंग नाही तिथे मी आधी अर्थिंग करायला लावतो, नसेल जमत तर कूलर चालू करून देत नाही. वीज वाचवण्याच्या गोष्टी त्यानंतरच्या.

एसीकडे आलो तेव्हा पहिल्यांदा टन म्हणजे काय ते शिकलो. यंत्राचं वजन एवढं, असं अजूनही बऱ्याच लोकांना वाटतं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॅट. एसीसुद्धा गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. उचलण्यासाठी वीज लागते, आणि कमी विजेत जास्त उष्णता कोण उचलतं, यावरून लेबलवरचे तारे ठरतात.

ताऱ्यांची ही पद्धत केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये सुरू केली आणि २०१० पासून एसीला ती सक्तीची झाली. त्याआधी गिऱ्हाईक विचारायचं, "कोणता जास्त थंड करते?" नंतर विचारायला लागलं, "किती स्टारचा आहे?" हा बदल मी दुकानाच्या काउंटरवर उभा राहून पाहिला आहे आणि तो फार मोठा बदल आहे. २०१८ पासून मोजणीची रीतही सुधारली. आधी बाहेर ३५ अंश धरून एकाच तापमानाला चाचणी व्हायची. आता २४ ते ४३ अंशांपर्यंतचं हवामान आणि वर्षाला १६०० तास वापर धरून हंगामभराची सरासरी काढतात. इन्व्हर्टर एसीचा खरा फायदा यामुळे आकड्यात दिसायला लागला. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालायचा किंवा पूर्ण बंद व्हायचा. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार होत आली की वेग कमी करतो आणि निम्म्याहून कमी विजेवर तासन्‌तास चालत राहतो. जुलै २०२२ मध्ये निकष आणखी कडक झाले. त्या निकषांच्या दीड टनाच्या पाच ताऱ्यांच्या एसीच्या लेबलवर वर्षाला साडेसातशे-आठशे युनिट लिहिलेली दिसतात, तीन ताऱ्यांच्या एसीवर साडेनऊशे ते हजार. म्हणजे फरक दोनशे युनिटांच्या आसपास. ही बचत लहान नाही. पण लेबल छापलं जातं ते प्रयोगशाळेतल्या मोजणीवरून, आणि तिथे यंत्र नीट बसवलेलं असतं.

घरात ते कसं बसतं, ते जवळून सांगतो. स्प्लिट एसीचे दोन तुकडे तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडायचे असतात. नळी कटरने कापली की कडेला बारीक कोर उरते. ती रीमरने काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा चुरा आत पडत नाही. पितळी नट आधी चढवायचा, मग फ्लेअरिंग टूलने तोंड फुलवायचं. फुलवलेली कडा आरशासारखी गुळगुळीत हवी. एखादी चीर, एखादा ओरखडा दिसला तर ते तोंड कापून पुन्हा फुलवायचं. कडेला कॉम्प्रेसर ऑइलचा थेंब लावायचा आणि नट टॉर्क रेंचने आवळायचा. कमी आवळला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर कडा चेपून चिरते आणि गॅस तेव्हाही गळतो, फक्त दोन महिन्यांनी. मग नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहायचं, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला नाही तर पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे व्हॅक्यूम. जोडलेल्या नळ्यांत आणि आतल्या कॉइलमध्ये बाहेरची हवा असते आणि हवेसोबत ओल असते. व्हॅक्यूम पंप लावून ती काढायची. दाब इतका उतरतो की उरलेलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून निघून जातं. मायक्रॉन गेजचा आकडा ५०० च्या खाली आला पाहिजे आणि पंप बंद केल्यावर तिथेच टिकला पाहिजे. आकडा हळूहळू चढायला लागला तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल शिल्लक आहे. घरगुती स्प्लिटला यात साधारण अर्धा तास जातो. या अर्ध्या तासात बघणाऱ्याला काहीच होताना दिसत नाही. पंप घुरघुरत असतो आणि मेकॅनिक नुसता बसलेला असतो.

सीझनमध्ये सगळ्यात आधी कापला जातो तो हाच अर्धा तास. एसी लावणाऱ्या पोरांना पैसे नगामागे मिळतात. एप्रिल-मेमध्ये एकेका पोराच्या यादीत दिवसाला चार-पाच पत्ते असतात, मधलं अंतर दुचाकीवर, शिडी आणि ड्रिल मशीन पाठीवर, डोक्यावर ऊन. गिऱ्हाईक दर दहा मिनिटांनी विचारतं, "झालं का?" मग गॅसचा व्हॉल्व्ह थोडा उघडून गॅसच्या जोराने हवा बाहेर उडवायची आणि एसी चालू करून द्यायचा, ही सवय पडते. एसी चालतो, गार वाराही येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण आत राहिलेली हवा द्रवरूप होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते, दाब वाढवते, आणि कॉम्प्रेसरला त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध पहिल्या दिवसापासून जास्त वीज ओढावी लागते. राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि ते वाइंडिंग खात जातं. तीन-चार उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जातो तेव्हा सगळे कंपनीला नावं ठेवतात. पाच ताऱ्यांसाठी मोजलेले जास्तीचे पैसे त्या अर्ध्या तासात गेलेले असतात, आणि ते ना घरच्यांना कळतं, ना पोराला.

मी या पोरांना दोष देत नाही. त्यांना काम येतं. त्यांना वेळ मिळत नाही, आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

दुसरी गळती छताची. मानेवाड्याच्या बाजूच्या एका घरात मे महिन्यात बोलावणं आलं होतं. वरचा मजला, उघडा स्लॅब, पश्चिमेला मोठी खिडकी. काकूंनी दारातच सुरुवात केली, "दादा, फाइव्ह स्टार म्हणून जास्तीचे पैसे दिले जी. बिल तं तेवढंच येऊन राहिलं. आन्‌ रात्री दोन वाजेपर्यंत खोली थंडच होत नाही." मी थेट जिन्याकडे वळलो तसं त्या म्हणाल्या, "मशीन इकडे आहे, तुमी वर काऊन चालले?" इन्फ्रारेड थर्मामीटर गच्चीवर धरला. सिमेंटचा करडा स्लॅब ६१ अंशांवर होता. खाली येऊन त्याच जागी छताच्या आतल्या बाजूला धरला तर ४३. एसी १८ वर ठेवलेला. मी काकूंना आकडे दाखवले आणि म्हटलं, "काकू, तुमचा एसी खोली गार करत नाही, स्लॅब गार करतोय."

सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि चार-पाच तासांनी खालच्या बाजूने सोडायला लागतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर सगळ्यात वाईट वेळ दुपारची नसते, रात्री आठ-नऊनंतरची असते. बाहेर हवा निवलेली असते आणि छतातून मात्र धग येत असते. केंद्र सरकारच्या 'इको निवास संहिता २०१८' या नियमावलीत नव्या घरांच्या छतासाठी मर्यादा घालून दिली आहे: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. आपल्याकडच्या उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटी-तिपटीने येते. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांत कवेलूचं छप्पर आणि त्याखाली माळा असायचा. माळ्यातली हवा ऊन अडवून धरायची आणि खालच्या खोल्या निवांत राहायच्या. आपण माळा काढला आणि त्याच्या जागी काही ठेवलं नाही.

काकूंच्या घरी तीन कामं सुचवली. पहिलं, गच्ची घासून धुऊन त्यावर उन्हाला परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. चायना मोझॅकच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी जास्त टिकते, पण खर्च झेपणारा नव्हता. ज्यांना रंगही झेपत नाही त्यांना मी चुना सांगतो. पावसात धुऊन जातो, पण पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मारता येतो. दुसरं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक. आतला पडदा कितीही जाड असला तरी काचेतून आलेलं ऊन पडद्यावर पडून आतच राहतं. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं लागतं. तिसरं, आउटडोअर युनिटची जागा. ते जाळी लावलेल्या अरुंद बाल्कनीत होतं, पुढे चपलांचं कपाट, बाजूला रिकाम्या पेट्या. त्याने फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून परत त्याच्याच तोंडात जात होती. ते उत्तरेच्या भिंतीवर ब्रॅकेटला मोकळ्यावर लावलं. ही कामं चालू असताना काकूंनी मला विचारलं, "दादा, तुमी एसीवाले ना? मंग रंगाचं काऊन सांगून राहिले?" मी म्हटलं, "तुमचा एसी कमी चालावा म्हणूनच सांगून राहिलो."

रंग वाळल्यावर पुन्हा गेलो तेव्हा ऊन तेवढंच होतं. गच्ची ४५ च्या आसपास, आतलं छत ३७. क्लॅम्प मीटर लावला. आधी रात्री उशिरापर्यंत सात अँपिअरच्या आसपास अडकून राहणारा करंट अर्ध्या तासात तीनवर आला आणि तिथेच राहिला. एसी २६ वर ठेवला आणि छताचा पंखा सुरू केला, तरी काकूंना थंडी वाजत होती. यंत्र तेच, तारे तेवढेच. आता त्या ताऱ्यांना काम करायला वाव मिळाला. बिलही पाचशे युनिटांच्या वरच्या टप्प्यातून खाली आलं. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांना दराचे टप्पे बदलतात. वरच्या टप्प्यातली युनिटं सगळ्यात महाग, म्हणून वाचलेलं शेवटचं युनिट खिशाला सगळ्यात जास्त जाणवतं.

पंख्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण लोक एसी घेतला की पंखा बंद करतात. हलती हवा अंगावर असली की दोन अंश जास्त तापमानही सुखाचं वाटतं. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सांगितलं आहे, आणि २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ वर सुरू होतात ते ब्युरोच्याच नियमामुळे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. ज्या घरात एसी येण्याची शक्यता नाही, तिथेही हा पंखा जातो. उन्हाळाभर दिवसाचे अठरा तास पंखा फिरणाऱ्या घरात ही बचत महिन्याला प्रत्येक पंख्यामागे चोवीस-पंचवीस युनिटं होते. पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला मी सांगतो, आधी पत्र्यावर पांढरा रंग किंवा हिरवी जाळी, मग बीएलडीसी पंखा, मग चांगल्या ताटीचा कूलर. सगळ्यात जास्त ऊन सोसणारी ही घरं आहेत आणि सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. अहमदाबादेत छतं पांढरी करण्याचं काम उष्मा कृती आराखड्याचा भाग म्हणून झालं, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच आणलं. विदर्भातल्या प्रत्येक शहराला याची गरज त्यांच्याइतकीच आहे.

आता गॅसबद्दल. मी शिकलो तेव्हा आर-२२ होता. तो ओझोनला खातो म्हणून माँट्रियल कराराखाली हळूहळू बाजारातून जातोय. मग आर-४१० आला, आता बहुतेक घरांत आर-३२ आहे. ओझोनला त्याचा धोका नाही, पण एक किलो आर-३२ हवेत सोडला तर तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. आपल्याकडे एक युनिट वीज तयार होताना सरासरी सातशे ग्रॅमच्या पुढेमागे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे किलोभर गॅस उडवून देणं हे नऊशेहून जास्त युनिटं जाळल्यासारखं आहे. पाच ताऱ्यांच्या एसीने अनेक उन्हाळे वाचवलेलं सगळं एका फुसकन आवाजात संपतं. घर बदलताना एसी काढायला आलेला माणूस नट ढिला करून गॅस सोडून देतो तेव्हा हे घडतं. खरं तर बाहेरचा एक व्हॉल्व्ह बंद करून एसी दोन-तीन मिनिटं चालवला की सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा. याला आम्ही पंप डाऊन म्हणतो. यासाठी वेगळं हत्यार लागत नाही आणि गिऱ्हाइकाचे नव्या गॅसचे पैसेही वाचतात.

आर-२९० म्हणजे प्रोपेन वापरणारे एसी गोदरेजने २०१२ मध्ये भारतात आणले. पृथ्वी तापवण्याच्या हिशेबात हा गॅस जवळजवळ निरुपद्रवी आहे, पण तो पेट घेतो. आर-३२ सुद्धा कमी प्रमाणात का होईना, पेटणारा आहे. म्हणजे गॅस जितका चांगला, तितका हात शिकलेला लागतो. बंद खोलीत, पेटत्या उदबत्तीशेजारी, हवा उडवायला गॅस सोडण्याची जुनी सवय आता नुसती वीज वाया घालवत नाही, जिवावर बेतू शकते. एक मात्र सांगितलंच पाहिजे: "दर वर्षी गॅस भरावाच लागतो" हे खरं नाही. बंद नळीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळतो आहे. आधी गळती शोधा, मग भरा.

हिवाळ्यात आमचं काम गिझरकडे वळतं. नागपूरची डिसेंबरची पहाट दहा अंशांच्या खाली जाते आणि अंघोळीचं पाणी हा घरातला मोठा खर्च होतो. गिझरमध्ये कितीही तारे असले तरी एका युनिटातून एका युनिटापेक्षा जास्त उष्णता निघत नाही. तारे सांगतात ते टाकीतून उष्णता किती कमी निसटते ते. उष्णता तयार करण्याऐवजी उचलून आणली तर गणित बदलतं. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकणारा हीट पंप एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो. आत तोच कॉम्प्रेसर, त्याच नळ्या, तोच गॅस. एसीचीच दिशा फिरवलेली. नॉर्वेसारख्या बर्फाच्या देशात निम्म्याहून जास्त घरं याच यंत्राने उबदार राहतात. आमच्याकडे वसतिगृहं, दवाखाने, छोटी हॉटेलं यांना मी तो सुचवतो, कारण तिथे दिवसभर गरम पाणी लागतं. एकट्या घराला, गच्चीवर जागा आणि ऊन असेल तर, सोलर हीटरच पुरे. विदर्भात हिवाळ्याचं ऊन भरपूर आहे आणि ते फुकट आहे.

या सगळ्या कामातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. वीज वाचवणारं तंत्रज्ञान कारखान्यात जन्मतं, पण पुरं होतं घरात, आणि पुरं करणारी माणसं असतात गच्ची घासणारा रंगारी, अर्थिंगचा खड्डा खणणारा वायरमन, व्हॅक्यूम पंपाशेजारी बसून राहणारा मेकॅनिक. कंपन्या संशोधनावर पैसा घालतात, सरकार लेबलांचे निकष कडक करतं, गिऱ्हाईक जास्तीची किंमत मोजतं. या साखळीतली शेवटची कडी उन्हात दुचाकीवरून फिरते, नगावर पैसे घेते आणि तिला अर्धा तास मिळत नाही.

म्हणून मी माझ्या पोरांना सीझनमध्येही दिवसाला ठरावीक एसीपलीकडे घेऊ देत नाही आणि बसवणुकीच्या दरात व्हॅक्यूमच्या वेळेचे पैसे वेगळे धरतो. बिलाच्या मागे तीन आकडे लिहून देतो: मायक्रॉन गेजचं शेवटचं रीडिंग, एसी स्थिरावल्यावरचा करंट, आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. पुढच्या वर्षी कुणीही मेकॅनिक आला तरी त्या आकड्यांशी ताडून त्याला यंत्राची तब्येत कळते. सुरुवातीला लोक दराबद्दल कुरकुर करायचे. आता शेजारच्या घरातला एसी तपासायला बोलावतात आणि म्हणतात, "यांचे बी आकडे लिहून द्या."

तुमच्या घरी या उन्हाळ्यात एसी लागणार असेल, तर आधी गच्चीवर जाऊन पाहा, मग दुकानात जा. बसवायला आलेल्या मुलाला पंखा लावून द्या, थंड पाणी द्या आणि विचारा, "व्हॅक्यूम किती वेळ करणार? आकडा दाखवशील?" त्याला घाई करू नका, आणि दुकानदाराला सांगा की या वेळेचे पैसे आम्ही देऊ, पण ते त्या मुलापर्यंत पोचले पाहिजेत. ज्या दिवशी गिऱ्हाईक हा प्रश्न विचारायला लागेल, त्या दिवसापासून बाजार हा अर्धा तास द्यायला लागेल. लेबलवरचे तारे लोकांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा दुकानं बदलली, हे मी पाहिलं आहे. हेही बदलेल.